हरणाऱ्यानं पुढं काय करायचं?

मागच्या अंकात फायटिंग गेम खेळणाऱ्या गटांविषयी मी ओझरतं लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं वाचताना जाणवलं की प्रश्न निरनिराळे असले तरी बहुतेकांच्या मनात कुठला तरी एक गट आहे, एकेकाळी भरलेला आणि आता ओसरलेला. मी स्वतः अकरा वर्षं दर आठवड्याला असा गट जमवला आणि त्यातली शेवटची तीन वर्षं तो विरताना पाहिला. म्हणून या वेळी थोडी जास्त जागा घेते आहे. ज्यांनी हे खेळ पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगते: दोन माणसं शेजारी बसतात, पडद्यावर दोन लढवय्ये असतात, वर नव्याण्णववरून उतरत जाणारं घड्याळ असतं, आणि ज्याची शक्तीची पट्टी आधी संपेल तो हरतो.

प्रश्न : ताई, आमचा गट सात वर्षं टिकला. ऐन भरात पंचवीस-तीस जण यायचे. मग खेळाची नवी आवृत्ती आली. निम्मे तिकडं गेले, निम्मे जुन्यावरच अडून बसले. आता चौघं उरलो आहोत आणि चौघांनाही एकमेकांचे सगळे डाव पाठ आहेत. आमचं काय चुकलं? की असे गट मरायचेच असतात? — एक जुना खेळाडू

उत्तर : नव्या आवृत्तीनं गट फुटतो हे खरं, पण तेवढ्यानं तो संपत नाही. ‘स्ट्रीट फायटर टू’ 1991 मध्ये आला आणि 1994 पर्यंत त्याच्याच चार सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्याच वर्षांत ‘मॉर्टल कॉम्बॅट’, ‘व्हर्च्युआ फायटर’, ‘टेक्केन’ असे एकामागून एक खेळ आले. फुटायचंच असतं तर लोक तेव्हाच फुटले असते. प्रत्यक्षात या सगळ्या खेळांना खेळाडू मिळत गेले.

याचं कारण शोधताना मी आर्केडमधल्या, म्हणजे नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायच्या दुकानातल्या, उभ्या यंत्रापाशी जाऊन थांबते. जिंकलेला जागचा हलत नाही, त्याला नवं नाणंही टाकावं लागत नाही. हरलेला बाजूला होतो. पण बाजूला होऊन तो जातो कुठं? तिथंच, यंत्राला खेटून. अमेरिकेतल्या आर्केडमध्ये पडद्याच्या कडेवर आपलं नाणं ठेवून नंबर लावायची रीत होती. नाणं ठेवायचं आणि पाळी येईपर्यंत उभं राहायचं. त्या उभं राहण्यात माणूस शिकायचा. ज्यानं आपल्याला हरवलं तो दुसऱ्याला कसा गाठतो, दुसरा त्यातून कसा निसटतो, हे हाताच्या अंतरावरून दिसायचं. नुसता पडदा नाही, हातही दिसायचे. स्टिक, म्हणजे लढवय्याला हलवायची दांडी, मुठीत धरली आहे की दोन बोटांत, उडी मारण्याआधी मनगट हलतं का, हे सगळं. आणि शेजारी आणखी एक हरलेला उभा असायचाच. तो हळूच सांगायचा, “तो उडी मारतोच. घाई करू नकोस, थांब त्याच्यासाठी.” जपानात दोन यंत्रं पाठीला पाठ लावून मांडत, त्यामुळं प्रतिस्पर्ध्याचा चेहरा दिसत नसे, पण पाठीमागं माणसं तशीच उभी असत.

कॉम्बोचीच गोष्ट घ्या. एकामागून एक असे ठोसे जोडायचे की समोरच्याला मधे हात घालायला फटच राहू नये. आज कॉम्बोशिवाय हा खेळ कुणाला सुचणारही नाही, पण ‘स्ट्रीट फायटर टू’ बनवणाऱ्यांनी तो मुळात योजलेला नव्हता. तो खेळात आपसूक शिरला होता, त्यांच्या नजरेस आला आणि त्यांनी तो राहू दिला. खेळाडूंनी तो एकमेकांच्या हातांकडं बघून उचलला. हरलेला माणूस जागेवर उभा नसता तर हे पसरलंच नसतं.

पुढं घराघरांत प्लेस्टेशन आलं, आर्केड ओस पडू लागले. 1997 च्या ‘स्ट्रीट फायटर थ्री’त जुन्या लढवय्यांपैकी फक्त र्‍यू आणि केन ठेवले होते, बाकी सगळे अनोळखी चेहरे. खेळ अवघडही होता. त्याचा तिसरा अवतार ‘थर्ड स्ट्राइक’ 1999 चा, आणि चौथा ‘स्ट्रीट फायटर’ आर्केडमध्ये आला तो थेट 2008 मध्ये. मधल्या नऊ वर्षांत गट जगले ते माणसांच्या जिवावर. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या आर्केडमध्ये चाळीस जणांची एक स्पर्धा झाली होती. तीच 2002 पासून ‘इव्हो’ नावानं होऊ लागली आणि नंतर लास वेगासला गेली. 2004 मध्ये इव्होनं आर्केडची यंत्रं सोडून सगळे सामने प्लेस्टेशनसारख्या घरगुती कन्सोलवर घेतले तेव्हा पुष्कळ जण नाराज झाले. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. आर्केडचं यंत्र चार माणसांशिवाय उचलत नाही, कन्सोल पाठीवरच्या पिशवीत मावतो. ज्या गावात आर्केड उरला नव्हता तिथंही आता कुणाच्या तरी खोलीत गट जमू शकत होता.

तरीही काही गेलंच. न्यूयॉर्कच्या चायनाटाउन फेअर या आर्केडमध्ये जस्टिन वाँगसारखे खेळाडू घडले. तो आर्केड 2011 मध्ये बंद पडला. वर्षभरानं तो पुन्हा उघडला, पण बंद पडला ती वेळ बघा: चौथा ‘स्ट्रीट फायटर’ कन्सोलवर येऊन दोन वर्षं झाली होती, लोक पुन्हा या खेळांकडं वळत होते. खेळाला बरकत आली आणि जागा गेली, दोन्ही एकाच वेळी.

तुमच्याबाबतीत हेच झालं असावं. आकडे बघितले तर खेळाला माणसं कमी नाहीत. 2023 च्या इव्होमध्ये ‘स्ट्रीट फायटर सिक्स’ला सात हजारांवर खेळाडू उतरले होते. आणि तुमच्या खोलीत चौघं आहेत.

माझ्याकडं आमच्या गटाची वही अजून आहे. दर आठवड्याला आलेल्यांची नावं आणि सामन्यांचे निकाल मी तिच्यात लिहायची. सुरुवातीच्या पानांवर तेवीस, सव्वीस, एकदा एकतीस नावं. शेवटच्या वर्षाआधीच्या पानांवर सहा, पाच, पाच. बरीच वर्षं ती वही चाळताना मी नेहमीच्या माणसांचाच माग काढत होते: अमका नोकरीला लागला, तमक्याचं लग्न झालं, तिघं नव्या खेळाकडं गेले. एकदा मी उलटं केलं. जे फक्त एकदा किंवा दोनदा आले त्यांचीच नावं वेगळ्या कागदावर उतरवली. ती दोनशेच्या वर भरली. माणसं येत होती. येत होती, हरत होती आणि जात होती.

त्यातलं एक नाव मला चेहऱ्यासकट आठवतं. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, स्वतःचा कंट्रोलर पिवळ्या फडक्यात गुंडाळून आणलेला. पहिला सामना हरला, दुसरा हरला. मग भिंतीला टेकून अर्धा तास बघत राहिला. चांगले खेळाडू आपापसांत खेळण्यात गर्क होते आणि त्यांच्यात मीही होते. एका राउंडनंतर मी मान वर केली तेव्हा तो कंट्रोलरची वायर चार बोटांभोवती गुंडाळत होता, अगदी नीट, एकेक वेढा सारखा. मग फडकं, मग पिशवी. मला वाटलं, एवढा सामना संपला की उठते आणि त्याच्याशी बोलते. सामना संपला तेव्हा तो गेलेला होता. वहीत त्याच्या नावापुढं दोन फुल्या आहेत. पुढच्या पानावर तो नाही.

हे मी इतकं खोलात का सांगते आहे? आपल्या स्पर्धांची रचनाच बघा. दोनदा हरेपर्यंत खेळता येतं अशी आपली पद्धत, डबल एलिमिनेशन. 64 जणांची स्पर्धा असेल तर पहिल्या फेरीत 32 हरतात. त्या 32 जणांची आपापसांत फेरी होते, त्यातले 16 पुन्हा हरतात आणि बाहेर पडतात. सगळे कितीही तयारीचे असोत, चौथा हिस्सा माणसं एकही सामना न जिंकता घरी जाणार हे स्पर्धा सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. तीही तासा-दोन तासांत. प्रवेश फी त्यांनी विजेत्याइतकीच भरलेली असते. मोठा पडदा, समालोचक, खुर्च्या ही सगळी व्यवस्था आपण अंतिम सामन्यासाठी करतो. त्या सोळा जणांनी उरलेला दिवस काय करायचं, हे आमच्याकडं तरी कधी कुणी ठरवलं नव्हतं. आर्केडमध्ये ते यंत्रानं ठरवलेलं होतं.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं आहे की जुना खेळ की नवा या वादात आता पडू नका. दोन्ही लावा. खेळच फसला तर जाणते लोक जुन्याकडं परत येतात, हे ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’ या खेळमालिकेच्या खेळाडूंनी दाखवलं आहे. 2017 मधल्या नव्या आवृत्तीत एक्स-मेनमधले लढवय्ये नव्हते, पुढच्या वर्षी इव्होनं ती घेतली नाही, पण सन 2000 चा दुसरा भाग लोक खेळतच राहिले. तो तेव्हा विकतही मिळत नव्हता. खेळाडूंनी मोहीम चालवली आणि 2024 मध्ये तो नव्या संग्रहातून पुन्हा बाजारात आला.

तुम्ही चौघांनी एवढं करून बघा. दर आठवड्याला तुमच्यापैकी एकानं आळीपाळीनं स्पर्धेत उतरायचंच नाही, त्या दिवशी त्याचं लक्ष दाराकडं. एक पडदा कायम मोकळ्या सामन्यांसाठी राखून ठेवा, कितीही गर्दी झाली तरी तो स्पर्धेला द्यायचा नाही. नवा माणूस हरला की त्याच्याशी लगेच आणखी दहा सामने खेळा आणि त्या दहांत त्याची एकच चूक सांगा. दोन नाही. “मी उडी मारली की तू खाली बसतोस, उभा राहून अडव,” एवढंच. तो पुढच्या आठवड्यात ते करून दाखवायला येतो. आमच्या गटाच्या शेवटच्या वर्षी मी हे सुरू केलं आणि पाचांचे नऊ झाले. त्याआधी आठ वर्षं केलं असतं तर, हे माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न : ऑनलाइन खेळताना कधी हात आणि पडदा एकजीव वाटतात, तर कधी बटण चिखलात दाबल्यासारखं वाटतं. सगळे ‘रोलबॅक’ असा शब्द वापरतात. ते नेमकं काय असतं? आणि त्यानं आपले गट वाचतात की बुडतात? — एक विद्यार्थिनी

उत्तर : हे खेळ सेकंदाला 60 फ्रेमनं, म्हणजे पडद्यावरच्या साठ चित्रांनी, चालतात. जलद ठोसा बटण दाबल्यापासून तीन-चार फ्रेममध्ये बाहेर येतो. आता तुमचा प्रतिस्पर्धी इतका लांब आहे असं धरा की त्याचं बटण तुमच्या यंत्रापर्यंत पोचायला शंभर मिलिसेकंद लागतात. म्हणजे सहा फ्रेम. जुन्या पद्धतीत दोन्ही यंत्रं एकमेकांसाठी थांबायची, आणि तुमचं स्वतःचं बटणसुद्धा तेवढंच उशिरा लागू व्हायचं. तुम्ही म्हणता तो चिखल हाच. घरी बसवलेला हात तिथं कामाला येईना, म्हणून लोक वैतागायचे.

रोलबॅकमध्ये यंत्र थांबत नाही. समोरच्यानं आत्तापर्यंत जे दाबून ठेवलं होतं तेच तो पुढंही दाबून ठेवील असा अंदाज धरून ते खेळ पुढं नेतं. खरी बातमी आली आणि अंदाज चुकला असला, तर ते काही फ्रेम मागं जातं, तेवढा भाग नव्यानं मांडतं आणि चालू क्षणाला परत येतं. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं, तुम्हाला पडद्यावर फार तर एखादी उचकी दिसते. अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो, कारण सेकंदाला साठदा कुणाचाही हात बदलत नाही. ही युक्ती फायटिंग गेमवाल्यांच्या हाती ठेवली ती टोनी कॅनन यांनी, इव्हो सुरू करणाऱ्यांपैकीच एक. त्यांच्या प्रणालीचं नाव जीजीपीओ. 2019 मध्ये त्यांनी ती सगळ्यांसाठी खुली केली. पुढच्याच वर्षी महामारीत सगळ्या खोल्यांना कुलूप लागलं, इव्होही प्रत्यक्ष भरली नाही. त्या वर्षअखेरीस ‘गिल्टी गिअर’ या फायटिंग गेमच्या एका जुन्या आवृत्तीला रोलबॅक जोडला गेला आणि जिला प्रतिस्पर्धी मिळणं मुश्कील झालं होतं ती पुन्हा गजबजली. हे मी स्वतः अनुभवलं आहे. मध्यरात्री दुसऱ्या खंडातल्या माणसाशी खेळताना माझा हात अगदी खोलीत बसल्यासारखा चालत होता, आणि मला रडू आलं होतं.

वाचतात की बुडतात, या प्रश्नाचं उत्तर मी असं देईन: खेळ वाचतात. गटाचं तसं नाही. ऑनलाइन हरलं की पडदा पुढचा प्रतिस्पर्धी शोधायला लागतो. हरवणाऱ्याला “हे कसं केलंस?” म्हणून विचारायला जागाच नाही. 2019 चं उदाहरण बघा. फेब्रुवारीत जपानमधल्या इव्होत अर्सलान अ‍ॅश नावाचा लाहोरचा मुलगा ‘टेक्केन सेव्हन’ जिंकला, आणि ऑगस्टमध्ये लास वेगासलाही. त्या फेब्रुवारीपर्यंत त्याचं नाव बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, आमच्याकडं माझ्याइतके चांगले आणखी आहेत. कोरियाचा नी, म्हणजे या खेळातला जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक, तिथं जाऊन त्यांच्याशी खेळून आला आणि त्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती हे सगळ्यांना दिसलं. लाहोरच्या आर्केडमध्ये शेजारी बसून, एकमेकांकडून मार खाऊन ती माणसं तयार झाली होती.

तेव्हा ऑनलाइन जरूर खेळा. फक्त ज्याच्याशी सामना रंगला त्याला निरोप पाठवा आणि त्याच्याशीच पुन्हा खेळा. पंधरा अनोळखी माणसांपेक्षा एकाच माणसाबरोबरचे पंधरा सामने तुम्हाला जास्त शिकवतील.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. रोज दीड-दोन तास ‘ट्रेनिंग मोड’ लावून एकच चाल पुन्हा पुन्हा करत बसतो. समोरचा बाहुला नुसता उभा असतो. हा धड खेळही नाही आणि अभ्यासही नाही. मी काळजी करावी का? — एक आई

उत्तर : तो काय करत असेल ते आधी सांगते. यातली एक प्रसिद्ध चाल अशी आहे: स्टिक पुढं, मग खाली, मग खाली-पुढं तिरकी, आणि त्याच क्षणी ठोशाचं बटण. कागदावर सोपी आहे. पण घाईत ‘पुढं’ नीट लागत नाही, लागलं तर ‘खाली’ निसटतं, आणि लढवय्या हवेत झेपावण्याऐवजी जागेवर नुसता गुडघे वाकवून राहतो. मला ती डावीकडून जमायला तीन आठवडे लागले. मग कळलं की समोरचा उडी मारून पलीकडं गेला की सगळं उलटं होतं, आणि उजवीकडून मी पुन्हा पहिलीतच होते. हात बसायला दुसरा उपाय नाही. गाणं शिकणारी मुलं पलटे घोटतात ना, तसंच आहे हे.

या घोटण्यातून काय निघतं ते 2004 च्या इव्होत दिसलं. कॅलिफोर्नियात, ‘थर्ड स्ट्राइक’चा सामना, जपानचा डायगो उमेहारा विरुद्ध जस्टिन वाँग. डायगोच्या केनची पट्टी जवळजवळ संपलेली. आता नुसता अडवलेला मारसुद्धा त्याला पुरला असता, कारण महाचाल अडवली तरी थोडी शक्ती जातेच. जस्टिननं आपल्या चुन-ली या लढवय्या बाईची पंधरा लाथांची महाचाल सोडली. त्या खेळात आणखी एक बचाव आहे: मागं सरून अडवण्याऐवजी, मार लागण्याच्या नेमक्या क्षणी स्टिक पुढं ढकलायची. जमलं तर काहीच इजा नाही, चुकलं तर मार पूर्ण. डायगोनं पंधराच्या पंधरा लाथा अशा परतवल्या, शेवटची तर हवेत उडी घेऊन, आणि खाली येता येता उलट वार करून सामना जिंकला. यातली पहिली लाथ बघून परतवता येत नाही. ती येणार हे आधी ओळखून स्टिक ढकलावी लागते. लोक खुर्च्यांवरून उठून ओरडतात त्याचं चित्रण आजही उपलब्ध आहे. मुलाला दाखवायला सांगा, त्याला ते नक्की माहीत असेल. तो तुम्हाला ते समजावून सांगेल, आणि मला वाटतं ती दहा मिनिटं तुम्हा दोघांना चांगली जातील.

त्या चित्रणात पुढचं सहसा नसतं, म्हणून सांगते. डायगो ती स्पर्धा जिंकला नाही. अंतिम सामना तो केन्जी ओबाताकडून हरला. पुढं त्यानं हे खेळ सोडले, काही काळ माजाँगमध्ये नशीब आजमावलं, मग वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थेत नोकरी केली. चौथा ‘स्ट्रीट फायटर’ आल्यावर तो परतला आणि 2009 ची इव्हो जिंकला. मुलगा यातून पोट भरेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. 2024 च्या कॅपकॉम कपमध्ये, म्हणजे ‘स्ट्रीट फायटर’ बनवणाऱ्या कंपनीच्याच स्पर्धेत, विजेत्याला दहा लाख डॉलर मिळाले, पण ते तैवानच्या UMA या एकट्या खेळाडूला. हजारो जण येण्या-जाण्याचा खर्च स्वतः करून खेळतात.

काळजी कधी करायची ते सांगते. “किती वेळ बसलास?” असं न विचारता “आज काय नीट करतो आहेस?” असं विचारा. नेमकं उत्तर आलं, म्हणजे “उजवीकडून ही चाल दहातून सहा वेळा लागते, आठवर न्यायची आहे” असं काही, तर निश्चिंत राहा. उत्तरच नसेल, किंवा हरण्याच्या भीतीनं तो माणसांशी खेळायचं टाळत असेल, तर बाहुल्यासमोरून त्याला उठवा आणि जिथं माणसं जमतात तिथं घेऊन जा. पहिल्या दिवशी स्वतः बरोबर थांबा. तो हरेल. हरल्यावर त्याच्याशी कोण बोलतं ते बघा. कुणीच बोललं नाही तर दुसरा गट शोधा.

प्रश्न : मी मुलगी आहे, बरी खेळते. स्पर्धेत हरले तर “मुलगी आहे” आणि जिंकले तर “त्यानं सोडून दिलं” असं ऐकावं लागतं. मागच्या वेळी याहून वाईट शेरे आले. जाऊ की नको? — नाव नको

उत्तर : हे दुखणं जुनं आहे आणि यानं गट आतून पोखरले आहेत. 2012 मध्ये थेट दाखवल्या जाणाऱ्या एका स्पर्धेत एका खेळाडू मुलीला तिच्याच संघाच्या प्रशिक्षकानं कॅमेऱ्यासमोर इतकं छळलं की तिनं सामने सोडले. आणि हे असलं बोलणं आमच्या संस्कृतीचाच भाग आहे, असं समर्थनही झालं. 2020 मध्ये इव्होच्या प्रमुखावर गंभीर आरोप झाले, त्याला दूर करण्यात आलं, आणि महामारीमुळं ऑनलाइन व्हायची ती इव्होही रद्द झाली. ज्यांनी वेळीच बोलायला हवं होतं ते वर्षानुवर्षं “खेळात चालतंच” म्हणत राहिले. असे शेरे संस्कृती आहेत हे मला कधीही मान्य नव्हतं. ज्या मुली निघून गेल्या त्यांची मोजदाद कुठल्याही वहीत नाही, माझ्याही नाही.

तुम्ही जावं की नाही हे मी ठरवणार नाही. जाणार असाल तर आयोजकाला आधी लिहून विचारा: असा शेरा आला तर तुम्ही काय करता? आमच्याकडं नियम असा होता की पहिल्या शेऱ्याला सामना गेला, दुसऱ्याला वर्ष गेलं. तो दोनदा वापरावा लागला, त्यातला एक जण आमच्यातला सर्वांत चांगला खेळाडू होता. त्याच्याबरोबर आणखी तिघं गेले. गेले तर गेले. त्यानंतरच्या महिन्यात दोन बहिणी येऊ लागल्या आणि त्या शेवटपर्यंत येत होत्या. आयोजकाचं उत्तर गुळमुळीत आलं तर त्या खोलीत तुमचा वेळ घालवू नका.

प्रश्न : वय 41. लहानपणी आर्केडमध्ये उभं राहून बघितलं, खेळायला कधी मिळालं नाही. आता सुरुवात केली तर उशीर झाला का? कुठला खेळ घ्यावा?

उत्तर : नाही झाला. जवळ कुठं गट असेल तर तिथं जो खेळ चालतो तोच घ्या, आवडीनिवडीचं नंतर बघू. गट नसेल तर ‘स्ट्रीट फायटर सिक्स’ घ्या, त्यात नवख्यांसाठी सोपी बटणरचना आहे आणि रोलबॅकही चांगला आहे. एकच लढवय्या निवडा आणि तीन महिने बदलू नका. पहिले पन्नास सामने जवळजवळ सगळे हराल. प्रत्येक हरल्या सामन्यानंतर, पुढचा सुरू करण्याआधी, शेवटचा ठोसा कुठून आला एवढं एका ओळीत लिहून ठेवा. पन्नास ओळी झाल्या की मला पाठवा. मी वाचेन आणि एक चूक सांगेन.